फोनला कल्हई : जुन्या टेलिफोनचं वय कसं काढायचं

मी घेतलेल्या पहिल्या काळ्या फोनला विक्रेत्याने सुतळीने एक पुठ्ठा बांधला होता. त्यावर लिहिलं होतं, ‘१९३०, ओरिजिनल’. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी सकाळी घासाघीस करून तो घेतला, घरी आणला, वर्तमानपत्र अंथरलं, बुडाचे स्क्रू काढले आणि आतल्या एकेका भागावर भिंग धरलं. सांगाड्याच्या पत्र्यावर ४८. रिसीव्हरच्या दांड्यावर ५५. डायलच्या पाठीवर ५७. तोंडाकडच्या डबीवर ६१. वायर तर अगदी अलीकडची, हाताला अजून नव्या कापडासारखी लागणारी. १९३० कुठेच नव्हतं.

त्या दिवशी फसलो म्हणून चडफडलो. आता १९३०चा राग आहे तेवढाच आहे, पण बाकीच्या चार आकड्यांवर माझा जीव जडलाय.

आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव आणि तारीख घालायची पद्धत होती. स्वयंपाकघरातल्या फळीवर आजीच्या लग्नातलं पातेलं, आईच्या वेळचा डबा आणि कुणाच्या तरी स्मरणार्थ आलेला तांब्या शेजारीशेजारी बसलेले असायचे. ‘ही फळी कोणत्या सालची?’ असं कुणी विचारत नसे. जुना टेलिफोन ही अशी फळी आहे. शिवाय त्यातल्या बऱ्याच भांड्यांना मधूनमधून कल्हई झालेली असते. कल्हई लावल्याने पातेलं नवं होत नाही आणि खोटंही ठरत नाही. फक्त ती कोणी लावली आणि कधी लावली, हे ओळखता यायला हवं. संग्राहकाची निम्मी विद्या एवढीच आहे.

फोन तुमचा नव्हताच

आधी हे समजून घेऊ, की फोनला कल्हई का लागायची. घरातला पंखा किंवा रेडिओ आपला असायचा, फोन मात्र आपला नसायचा. ब्रिटनमध्ये तो पोस्ट ऑफिसचा असे, भारतात पोस्ट अँड टेलिग्राफ खात्याचा आणि अमेरिकेत बहुतेक ठिकाणी बेल सिस्टिमचा. ग्राहक फक्त भाडं भरायचा. अमेरिकेतल्या फोनवर तर ‘बेल सिस्टिमची मालमत्ता, विक्रीसाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं प्लास्टिकमध्येच ओतलेली असत. आज तेच फोन राजरोस विकले जातात, हा भाग वेगळा.

मालक एकच आणि फोन लाखो, म्हणून हिशेब सोपा होता. कुणी जोडणी बंद केली किंवा फोन बिघडला, की तो परत डेपोत जायचा. तिथे तो उघडून धुतला जाई, झिजलेले भाग बदलले जात, तपासणी होई आणि तो दुसऱ्याच घरी बसवला जाई. कोणाचं बूड कोणाच्या डायलला जोडलं जातंय याची फिकीर कारागिराला नव्हती. सगळे भाग एकमेकांत बसावेत असेच बनवलेले होते. त्यामुळे चाळीस वर्षं नोकरी केलेल्या फोनचे सगळे भाग एकाच सालचे निघाले, तर मला आनंदाआधी संशय येतो. एखादा फोन पाहुण्यांच्या खोलीत पडून राहिला असेल, किंवा अलीकडे कुणीतरी जुळत्या तारखांचे भाग गोळा करून तो ‘जुळवला’ असेल.

म्हणजे कल्हईचे प्रकार दोन. एक खात्याची कल्हई, जी फोन नोकरीत असतानाच झाली. ती त्या फोनच्या आयुष्याचाच भाग. दुसरी दुकानदाराची कल्हई, जी फोन निवृत्त झाल्यावर, तो विकण्यासाठी झाली. तिसरा प्रकार कल्हईचा नाहीच. तिथे पातेलंच नवं असतं, फक्त घडण जुन्या धाटणीची. बाजारात हे तिन्ही एकाच चादरीवर मांडलेले असतात आणि तिघांनाही ‘अँटिक’ म्हणतात.

आधी चेहरा

समजायला सोपं म्हणून मी ब्रिटिश फोन घेतो. आपल्याकडे सापडणाऱ्या काळ्या फोनांचं घराणं तेच, आणि त्यातल्या पिढ्या चेहऱ्यावरून ओळखता येतात.

१९२९ साली ब्रिटिश पोस्ट ऑफिसने १६२ क्रमांकाचा फोन आणला. चारी बाजूंनी वर निमुळतं होत जाणारं, बेकेलाइट या जुन्या कडक प्लास्टिकचं बूड आणि वर आडवा रिसीव्हर. त्याच्या पोटात घंटाच नव्हती. घंटेची पेटी वेगळी असायची, भिंतीवर किंवा फोनच्या खाली. १९३४ सालचा २३२ बाहेरून जवळजवळ तसाच दिसतो. फरक आतल्या मंडलात, म्हणजे विजेच्या जोडणीत आहे. बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज कानात मोठ्याने ऐकू यायचा, तो दाबायची सोय त्यात केली. या दोघांना ‘पिरॅमिड’ म्हटलं, की कुठल्याही संग्राहकाला कळतं.

मग १९३७ साली ३०० मालिका आली. ३३२ हा तिच्यातला सगळ्यात जास्त दिसणारा क्रमांक. आपल्या डोळ्यांसमोर ‘जुना काळा फोन’ म्हणून जे चित्र येतं, ते हेच: रुंद बूड, भक्कम खांदे आणि पोटातच घंटा. या आकाराचं मूळ नॉर्वेत आहे. तिथला चित्रकार जीन हाइबर्ग याने एरिक्सन या स्वीडिश टेलिफोन कंपनीसाठी आखलेल्या बेकेलाइटच्या फोनवरून ही घडण आली. बऱ्याच ३३२ फोनांच्या बुडाशी एक छोटा सरकता खण असतो, नंबर लिहिलेलं कार्ड ठेवायला. तो खण बहुधा हरवलेला असतो. असला तर जपा.

३०० मालिका १९५०च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालली. १९५९ साली ७०६ आला आणि सगळा थाट बदलला. बेकेलाइट जाऊन हलकं प्लास्टिक आलं, रंग आले, रिसीव्हर बारीक झाला. १९६७ साली त्याच्या जागी ७४६ आला. त्याला मागच्या बाजूने बोटं घालून उचलण्याची खाच बॉडीतच दिलेली आहे.

एवढं पाठ असलं, तरी बाजारातल्या निम्म्या थापा उभ्याउभ्याच गळून पडतात. पोटात घंटा असलेला रुंद काळा ब्रिटिश फोन १९३०चा असूच शकत नाही. माझ्या पुठ्ठ्यावरचं साल वाचून मी तिथेच हसायला हवं होतं.

एक नेहमीची गफलतही सांगून ठेवतो. या जुन्या फोनांच्या रिसीव्हरवर, हातात धरायच्या दांड्याच्या आतल्या बाजूला १६४ हा आकडा असतो. विक्रेते ते फोनचं मॉडेल म्हणून सांगतात. तो फक्त रिसीव्हरचा क्रमांक. १६२ला तोच रिसीव्हर, २३२ला तोच आणि ३३२लाही तोच. म्हणजे तीन पिढ्यांच्या अंगावर एकाच शिंप्याचा सदरा. त्यावरून पिढी ठरत नाही.

मग पोट

चेहरा पाहून पिढी कळते, साल कळत नाही. सालासाठी फोन उघडावा लागतो. उघडू न देणाऱ्या विक्रेत्याकडून मी आता फोन घेत नाही, घेतलाच तर भंगाराच्या भावात घेतो.

ब्रिटिश फोनच्या भागांवर सहसा तीन गोष्टी असतात: भागाचा क्रमांक, बनवणाऱ्याची अक्षरी खूण आणि सालाचे शेवटचे दोन अंक. नंतरच्या ७०० मालिकेत (७०६, ७४६) सालानंतर तिरपी रेघ आणि पुढे आणखी एक अंक असतो, जसं ७२/१. साल रेघेच्या अलीकडचं घ्यायचं. मॉडेलच्या आकड्यामागे एल किंवा एफ हे इंग्रजी अक्षर दिसलं, तर एल म्हणजे डायलवर अक्षरंही आहेत आणि एफ म्हणजे नुसते आकडे.

याच ७०० मालिकेत खात्याची कल्हई सरळ वाचता येते. बनवणाऱ्याच्या खुणेच्या जागी ‘एफ’ने सुरू होऊन ‘आर’ने संपणारी तीन अक्षरं असली, उदाहरणार्थ ‘एफडब्ल्यूआर’, तर तो फोन पोस्ट ऑफिसच्या स्वतःच्या कारखान्यात नव्याने तयार होऊन बाहेर पडलेला आहे. तिथलं साल हे दुरुस्तीचं, जन्माचं नाही. १९६०च्या दशकातली घडण आणि बुडावर ७९ पाहून लोक गोंधळतात. गोंधळायचं कारण नाही. पातेलं जुनं, कल्हई ७९ची.

आता हे सगळे आकडे एकत्र कसे वाचायचे? माझ्या पहिल्याच फोनचं उदाहरण घेऊ: ४८, ५५, ५७, ६१. सगळ्यात जुना आकडा आतल्या सांगाड्यावर आहे. सांगाडा हा फोनचा कणा, तो बदलण्यापेक्षा त्याच्यावरचं बाकीचं बदलणं सोपं. म्हणून जन्म १९४८च्या सुमारास. सगळ्यात नवा आकडा ६१. म्हणजे आज हा फोन ज्या रूपात समोर आहे, ते रूप ६१च्या आधी असणं शक्यच नाही. मधले ५५ आणि ५७ जवळजवळचे आहेत. कदाचित ५७ नंतर एकदा तो डेपोत गेला असेल आणि रिसीव्हर-डायल दोन्ही तिथे बदलले असतील. हा ‘कदाचित’ मी माझ्या वहीतही पुसत नाही.

सगळ्या भागांचं वजन मात्र सारखं नाही. तोंडाकडच्या डबीत कोळशाचे बारीक कण असतात. बोलताना पडदा थरथरतो, कण दाबले जातात, सुटतात आणि त्यातून जाणारा विजेचा प्रवाह कमी-जास्त होतो. त्यावर आपला आवाज चालायचा. हे कण दमटपणाने आणि वापराने गठ्ठा होतात, आवाज खरखरतो, मग डबी बदलतात. लाइनमन घरी येऊनही ती मिनिटभरात बदलून जाई. म्हणून डबीवरची तारीख सर्वांत चंचल समजा. वायर त्याहून चंचल. डायल मधली. सांगाडा आणि कॉइल सगळ्यात स्थिर.

अमेरिकन फोनमध्ये हा खेळ आणखी रंगतो, कारण बेल सिस्टिमचे फोन बनवणारी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी तारीख घालण्यात भलतीच नेमकी होती. १९४९-५०च्या सुमारास आलेल्या ५०० क्रमांकाच्या फोनमध्ये बूड, घंटा, डायल, मंडलाची डबी, रिसीव्हर, त्यातल्या दोन्ही चकत्या आणि वरचं कवच या सगळ्यांवर वेगवेगळे शिक्के सापडतात, पुष्कळदा महिन्यासकट. तिथल्या संग्राहकांत ‘सगळ्या तारखा जुळणारा’ फोन म्हणजे मोठी चैन. दोन-तीन महिन्यांचा फरक चालतो, कारण भाग आधी बनतात आणि जोडणी नंतर होते.

पण मला अमेरिकेतला सर्वांत आवडणारा फोन ५०० नाही, ५३०२ आहे. झालं असं, की १९३७ सालचा ३०२ हा त्यांचा जुना, दणकट फोन लाखोंनी परत येत होता. आतून ठणठणीत, पण ग्राहकाला शेजाऱ्याकडे आलेल्या ५००सारखाच हवा. मग १९५५पासून कंपनीने ३०२च्या आतड्यांवर ५००सारखं दिसणारं नवं कवच चढवलं आणि त्याला ५३०२ म्हटलं. लांबून ५००, उचलून पाहिला तर जुन्याच बांध्याचा. आत ३०च्या दशकाच्या अखेरचा भाग आणि बाहेर पन्नासच्या दशकाचं कवच असेल, तर तो भेसळीचा फोन नव्हे. कारखान्यानेच तो तसा केला. नेमकं याच फोनला एखादा अति उत्साही माणूस ‘मूळ रूपात’ आणायला जातो आणि ३०२चं कवच चढवून ठेवतो. पितळेचा डबा खरवडून त्यावरचं नाव घालवण्यासारखं काम.

डायल फिरवून पाहा

डायल हा फोनचा सगळ्यात बोलका अवयव. बोट घालून शून्य पूर्ण फिरवा आणि सोडा. निरोगी डायल लाइनवर सेकंदाला दहा ठोके, म्हणजे विजेचे तुटक इशारे देते, म्हणजे शून्याचे दहा ठोके परतताना साधारण एक सेकंद लागतो. रेंगाळली तर आतलं वंगण सुकलंय, सुसाट परतली तर वेग आवरणारी यंत्रणा बिघडलीय.

मग आकडे कुठे आहेत ते बघा. भोकांच्या आत, बोटाखाली आकडे असतील तर घडण जुनी. भोकांच्या बाहेर, कडेने असतील तर ब्रिटनचा ७०६ किंवा अमेरिकेचा ५०० किंवा त्यांच्या नंतरचा.

अक्षरं असली तर देशही कळतो. ब्रिटिश डायलवर ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं शून्यापाशी असतात, ६पाशी फक्त एम आणि एन. अमेरिकन डायलवर ओ हे अक्षर ६पाशी, आणि शून्यापाशी ‘ऑपरेटर’ हा शब्द. ब्रिटनमध्ये ही अक्षरं लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लासगो, एडिंबरा अशा मोठ्या शहरांसाठी होती. तिथे एक्स्चेंजच्या नावाची पहिली तीन अक्षरं फिरवायची पद्धत होती. १९६६पासून नुसत्या आकड्यांकडे वाटचाल सुरू झाली.

कुणा नातेवाइकाने न्यूझीलंडहून फोन आणला असेल, तर वेगळीच गंमत दिसेल. फोन हुबेहूब ब्रिटिश, पण डायलवरचे आकडे उलट्या क्रमाने. तिथे १ फिरवल्यावर नऊ ठोके पडतात आणि ९ फिरवल्यावर एक. म्हणूनच त्यांचा आपत्कालीन क्रमांक १११, ज्याचे ठोके ब्रिटनच्या ९९९इतकेच होतात. स्वीडनमध्ये शून्य १च्याही आधी येतं, त्याचा एकच ठोका. असा फोन हाती आला आणि कुणी ‘डायल चुकीची बसवलीय, बदलून देतो’ म्हणालं, तर हात जोडून नको म्हणा.

बेकेलाइट की बूट पॉलिश

लिओ बेकलँडने १९०७ साली शोधलेलं बेकेलाइट हे एकदा घट्ट झालं की पुन्हा न वितळणारं द्रव्य. तडा गेला तर तो वितळवून जोडता येत नाही, भरावच घालावा लागतो. बॅटरीच्या उजेडात कवच आतून तपासा, भराव तिथे लपत नाही. बोटाने जोरात घासून गरम केलं, तर बेकेलाइटला हलका कार्बोलिकचा वास येतो. तापलेली सुई टोचून परीक्षा घेणारे महाभाग भेटतील, त्यांच्या हाती आपला फोन देऊ नका.

उन्हात राहिलेलं काळं बेकेलाइट वरून तपकिरी आणि निस्तेज होतं. रिसीव्हरखालची झाकलेली जागा मात्र काळीभोर आणि चमकदार राहते. हा फरक दिसला तर चांगलंच लक्षण, कारण पृष्ठभाग खरा आहे. सगळीकडे एकसारखी काळी चमक दिसली, की मी खिशातून पांढरा रुमाल काढतो आणि घासतो. रुमाल काळा झाला तर ती बूट पॉलिशची करामत. फोन खोटा नाही, पण त्याची किंमत चमकीसाठी वाढवू नका.

रंगीत फोनच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं, कारण तिथे पैसा जास्त असतो. ३०० मालिकेत काळ्याखेरीज हस्तिदंती, लाल आणि हिरवा हे रंग होते. हिरव्यासाठी संग्राहक जीव टाकतात. हे रंगीत फोन बेकेलाइटचे नव्हतेच, डायकॉन नावाच्या अॅक्रिलिकचे होते. रंग द्रव्यात मुळातच मिसळलेला असे, म्हणून तो आतूनही तोच दिसतो. बाहेर लाल आणि आत काळा निघाला तर ती फवारणी आहे. रिसीव्हरची चकतीची झाकणं फिरवून काढली, की त्यांच्या आट्यांत जुना काळा रंग पकडता येतो. तिथे फवारा नीट पोचत नाही.

अमेरिकन ५००चं पन्नासच्या दशकातलं कवच टेनाइट नावाच्या मऊ प्लास्टिकचं असायचं. ते कालांतराने किंचित आकसतं, आणि बंद पेटीत ठेवलं तर आंबूस, ओकारीसारखा वास मारतं. वास किळसवाणा खरा, पण वय सांगणारा. दशकाच्या अखेरीस ते जाऊन कडक प्लास्टिक आलं आणि वासही गेला.

स्क्रूही बोलतात. जुन्या फोनमध्ये सरळ खाचेचे स्क्रू असायचे, आणि ब्रिटिश फोनमधले त्यांच्याच जुन्या मापाचे. अधिक चिन्हाच्या खाचेचे चकचकीत स्क्रू दिसले, तर मागच्या काही वर्षांत कुणीतरी आत हात घातलाय. तेवढ्याने फोन वाईट ठरत नाही, पण मग ‘कधीच उघडला नाही’ हे वाक्य विक्रेत्याने परत घ्यायला हवं. वायरचंही तेच. तपकिरी सुती गोफाची वायर ३०० मालिकेच्या काळाला शोभते, पण तशीच नवी वायर आज विकत मिळते. जुन्या वायरीचं सूत कडेला विटलेलं असतं आणि आतलं रबर मोडतं. माझ्यापुरतं सांगायचं, तर अशी मोडकी वायर बदलून घ्यावी, जुनी पिशवीत घालून फोनसोबत ठेवावी. भिंतीत जायच्या टोकाला पारदर्शक छोटा चौकोनी प्लग असेल किंवा ब्रिटनचा पांढरा चपटा प्लग असेल, तर तो भाग नंतरचा. ब्रिटनमध्ये ही प्लगची पद्धत १९८१ साली आली, त्याआधी वायर भिंतीवरच्या डबीत थेट जोडलेली असे.

पितळेचे राजेशाही फोन

यांच्यावर फार शाई घालवत नाही. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, चकाकणाऱ्या पितळेचे, नक्षीदार, मुकुट कोरलेले फोन रांगेने असतात. ब्रिटिश पोस्ट ऑफिसने १६२ किंवा ३३२ पितळेच्या कवचात कधी काढला नाही. डायलच्या भोकांत बोट घालून फिरवण्याऐवजी बटणं दाबली जात असतील, तर प्रश्नच मिटला, कारण बटणांचा फोन ग्राहकांपर्यंत पोचला तो १९६३ साली, अमेरिकेत. आणि कुणी डायलवाला फोन ‘१८८५चा’ म्हणून दाखवला तर त्याला सांगा, की ऑपरेटरशिवाय चालणारं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंजच १८९२ साली अमेरिकेत ला पोर्ट गावी सुरू झालं. भारतात ते पहिल्यांदा सिमल्याला १९१३-१४ साली आलं. त्याआधी डायल फिरवून इथे करणार काय होता?

दिवाणखान्यात शोभेला ठेवायला पितळी फोन छान दिसतो. शोभेच्या किमतीत घ्या.

एक बारीक सापळा खऱ्या जुन्या फोनांतही आहे. मेणबत्तीच्या दांड्यासारख्या उभ्या अमेरिकन फोनांवर पेटंटच्या तारखांची ओळ कोरलेली असते. सगळ्यात जुनी तारीख वाचून लोक फोनचं वय ठरवतात. पेटंट मिळाल्यावर तोच भाग पुढे वर्षानुवर्षं बनत राहतो. ओळीतली सगळ्यात शेवटची तारीख फक्त एवढंच सांगते, की हा फोन तिच्याआधीचा नाही.

आपल्याकडचे फोन

मुंबई आणि कोलकात्यात टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली आली, ती खासगी कंपनीची. मुंबईची टेलिफोन कंपनी सरकारने १९४३ साली ताब्यात घेतली. तोवरची यंत्रं बहुतांशी इंग्लंडची. १९४८ साली बेंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय, उभी राहिली. सहकार्य लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीचं. कारखान्याभोवतीच्या वसाहतीचं नाव दूरवाणीनगर. म्हणूनच आपल्या घरातल्या काळ्या फोनच्या चेहऱ्यावर इंग्लंडची छाप दिसते.

आयटीआयचं नाव असलेला भाग १९४८च्या आधीचा असू शकत नाही. नैनीच्या कारखान्याचं नाव असेल तर १९७१च्या आधीचा नाही. पी अँड टी खातं १९८५ साली विभागलं गेलं आणि मुंबई-दिल्लीसाठी १९८६ साली एमटीएनएल आलं. पण कागदी लेबलांवर विसंबू नका. १९८६नंतर एमटीएनएलने जुन्याच फोनवर नवं लेबल लावलं असणं सहज शक्य आहे. लेबल हे शेवटच्या मालकाचं, भाग हे जन्मदात्याचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर खासगी कंपन्यांना फोन बनवायची परवानगी मिळाली, बटणांचे हलके रंगीत फोन घरोघरी आले आणि काळे फोन पोत्यात भरून भंगारात गेले. जुन्या बाजारातला बराचसा माल त्या पोत्यांतूनच आलेला.

डायलच्या मधल्या गोल चिठ्ठीवर कधी कधी नंबर शिल्लक असतो. पुण्याचा पाच आकडी नंबर शाईने लिहिलेला सापडला, तर तो पुसू नका. कारखान्याच्या शिक्क्यांवरून फोन बनला कधी ते कळतं. कुठल्या घरात तो वाजत होता, ते सांगणारी ही एकच चिठ्ठी असते.

जोडून बघायचा मोह होतोच. तांब्याच्या तारेची लँडलाइन शिल्लक असेल, तर जुना फोन आजही वाजतो. पण घंटा वाजवायला लाइनवर ७५ व्होल्टच्या आसपासचा प्रवाह येतो, तेव्हा जोडणी करताना उघड्या तारा बोटात धरू नका, नेमका त्याच वेळी कुणाचा तरी फोन येतो. फायबरच्या मोडेमला जोडलात, तर आलेला फोन बहुधा घेता येईल, पण डायलचे ठोके बऱ्याच मोडेमना कळतच नाहीत. ठोक्यांचे सूर करून देणारी छोटी डबी मिळते, ती मध्ये लावावी लागते.

माझा तो पहिला फोन आता कपाटात दुसऱ्या फळीवर आहे. सुतळी तीच ठेवलीय, पुठ्ठा बदललाय: ‘३३२. सांगाडा ४८, रिसीव्हर ५५, डायल ५७, डबी ६१. ६१ किंवा नंतर खात्यात दुरुस्ती. वायर नवी, जुनी पिशवीत. खण नाही. वाजतो.’